चौदाशे बारा

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ७:४०

ही वही सायन्सची होती. समोर चार पानं ॲसिड अन् बेस, मग कोरी. आजपासून ही माही ट्रेनिंग डायरी. मोठे रनर लिहितात म्हणे. ही कोणी वाचणार नाही. मोनाली, तू वाचून राह्यली असशीन तर गुपचूप ठेव.

रेस: १८ जानेवारी, नवा रायपूर, १० किमी.
टार्गेट: ४५ मिनिटं.
सध्याचा टाइम: मोजला नाही. अंदाजे ५०.
पाच मिनिटं कमी करायचे हायेत फक्त. तेरा दिवस हायेत. आरामात.

रेकॉर्डसाठी लिहून ठेवतो का मी दहावी रनिंगसाठी सोडली. शाळा ऑगस्टमध्ये सोडली अन् रनिंग नोव्हेंबरमध्ये सुरू केली हे खरं, पण मनात आधीच असन.

हजेरीचं कारण नव्हतं. हजेरी अशी का मी रोज जात होतो. सर नाव घेत, मी प्रेझेंट सर म्हणत होतो. सरले ऐकू जात नव्हतं. सर ॲबसेंट लावत. दुसऱ्यांदा जोरात म्हणाव तर सगळे वळून पाहतात. चाळीस दिवस बेंचवर बसून मी ॲबसेंट होतो. मग सर म्हणाले बाबांना घेऊन ये. ते मले घरी सांगता आलं नाही. मग मी खरंच ॲबसेंट राहाले लागलो. बाबांना सप्टेंबरमध्ये समजलं.

तवापासून बाबा माह्याशी डायरेक्ट बोलत नाहीत. माह्या बहिणीच्या, मोनालीच्या थ्रू बोलतात. मी समोरच बसलो असतो. बाबा म्हणतात, मोनाली, त्याले सांग दूध आण म्हणा. मोनाली म्हणते, दूध आण म्हणतात. मी म्हणतो, हव. मोनाली म्हणते, हव म्हणते. मग बाबा पेपर वाचतात.

डेअरी जाऊन येऊन १.२ किमी. चौदा मिनिटं लागतात. वॉर्म-अप म्हणून धरतो.

रनिंग: १.२ किमी (दूध).

७ जानेवारी, बुधवार

पाच वाजता उठलो. धुकं होतं. धुक्यात फुप्फुस खराब होते असं व्हिडिओत पाहिलं होतं. झोपलो.

रनिंग: दूध.

१० जानेवारी, शनिवार. सकाळी ९

आज तेलीबांधा तलावावर गेलो. तिथं सगळं रायपूर पळून राह्यलं होतं. काका, काकू, कुत्रे. मी बेंचवर बसून स्ट्रेचिंग केलं. थोडे लोक कमी होऊ दे म्हटलं. पावणेआठले बी कमी झाले नाही. वापस आलो.

उद्यापासून बाबांच्या रेल्वे वर्कशॉपच्या भिंतीच्या मागची गल्ली. तिथं कोणी नसते.

११ जानेवारी, रविवार

गल्लीत एक कुत्रा हाय. पण स्पीड वर्क चांगलं झालं.

रनिंग: ०.३ किमी, फुल स्पीड.

१७ जानेवारी, शनिवार

शंकर नगरले रेसचा छातीवरचा नंबर घ्याले गेलो. मोनाली सोबत आली. मीच घेऊन गेलो तिले, एकटी बोर होते ती घरी. टेबलवरच्या दीदीनं तीनदा विचारलं, नाम क्या है भैया? तिसऱ्या वेळी मोनालीनं सांगितलं. टी-शर्ट एक्सएक्सएल? मी म्हणालो, हव. आता टी-शर्ट गुडघ्यापर्यंत येते. सैल बरी. हवा लागते.

महत्त्वाची गोष्ट. नंबराच्या मागं एक चिप असते. फिनिशच्या चटईवरून पळत गेलं का ती वाजते अन् नाव, टाइम, सगळं आपोआप लिहिल्या जाते. कोणी नाव विचारत नाही. काही बोलाव लागत नाही.

मोनालीले दाखवलं. ती म्हणे, मग? मी म्हणालो, काही नाही.

१८ जानेवारी, रविवार. पहाटे ४:१०

रेडी. रात्री झोप आली नाही. चॅम्पियन लोकाइले बी येत नाही.

त्याच दिवशी. दुपारी १

सुरुवातीले स्टेजवर एक दीदी माइकवर सगळ्याइले नाचाले लावत होती. नाचणं आपल्या प्लॅनमध्ये नव्हतं. मी टॉयलेटच्या गाड्याइच्या मागं थांबलो. गाणं संपून बाहेर आलो तं सगळे निघून गेलते. कचरा वेचणारे दोघं होते. एकजण म्हणे, भाग बाबू, भाग. निघालो.

पहिला किलोमीटर एकदम फास्ट. दुसऱ्यात चाललो, स्ट्रॅटेजी म्हणून. चौथ्यापासून स्ट्रॅटेजीच. एक माणूस प्लास्टिकच्या बाटलीचा ड्रेस घालून पळून राह्यला होता, पाणी वाचवा लिहिलेला. त्याले मी एकदा ओव्हरटेक केलं. मग त्यानं मले केलं. तो नक्की एक्स-आर्मी असन.

सातव्याच्या पुढं एक ॲम्ब्युलन्स माह्या मागं मागं हळूहळू आली. शेवटपर्यंत. व्हीआयपी लोकाइले जशी गाडी असते तशी. ड्रायव्हर दोनदा म्हणे, बैठ जा बेटा, कोई नहीं देखेगा. मी नाही म्हणून मान हलवली. बसलो असतो तं चिप वाजली नसती.

टाइम: १ तास २४ मिनिटं. उशिरा सुरू केलं ते वजा केलं तर कमीच.

चिप वाजली. मी स्वतः ऐकली.

एका मुलीनं खोक्यात हात घालून मेडल काढलं. रिबिनीले गाठ होती, तिनं दातानं सोडवली, गळ्यात घातलं. चांगलं जड हाय. रेस पुरी केली का सगळ्याइले देतात.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६

घरी जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

आई दारातच होती, शेजारच्या रीना काकूशी बोलत. मेडल पाहिलं अन् आईचा हात तोंडावर गेला. मग दोन्ही हातात घेतलं, पदरानं पुसलं, घरात नेऊन बुद्धाच्या अन् बाबासाहेबांच्या फोटोसमोर ठेवलं. विचारलं, पहिला आला का दुसरा? मी पाणी पीत होतो. रीना काकू म्हणे, पहिल्या दुसऱ्याले तं कप देतात, तिसरा असन. आई म्हणे, हव, तिसराच. सांगाले लाजते तो.

मी अजून पाणी पेलो.

आमच्या इकडं कोणी सगळ्याइले वाटलेलं मेडल पाहिलंच नाही. मेडल म्हणजे जिंकला. बाबांच्या वर्कशॉपमध्ये स्पोर्ट्स डे होते, तिथं बी तिघाइलेच देतात. बाकीच्याइले समोसा.

बाबा बाजारातून आले. आईनं सांगितलं, तिसरा आला, तीन हजारात. (तीन हजार कुठून आले माहीत नाही.) बाबांनी मेडल हातात घेतलं. तोलून पाहिलं, जसे वर्कशॉपमध्ये नट-बोल्ट पाहत असतीन. मग माह्या पायाकडं पाहिलं.

म्हणाले, पायाले लागलं काय?

मले म्हणाले. डायरेक्ट. मोनालीनं सवयीनं सांगाले तोंड उघडलं, मग बंद केलं.

मी म्हणालो, नाही. लागलं होतं.

रनिंग: १० किमी. बाबा: १ वाक्य.

१९ जानेवारी, सोमवार

मी खोटं बोललो नाही. मी बोललोच नाही. तिसरा हे रीना काकूनं म्हटलं, आईनं पास केलं. मी तवा पाणी पीत होतो.

बाबांनी भिंतीत खिळा ठोकला. कॅलेंडरच्या बाजूले. मेडल लटकवलं. म्हणाले, सरळ हाय का पाहा. मी म्हणालो, थोडं डावीकडं. म्हणाले, आता? मी म्हणालो, हव.

बाबा: २ वाक्यं. रनिंग: रेस्ट डे.

२५ जानेवारी, रविवार

मोनालीनं इंटरनेटवर रिझल्ट काढला. नंबर टाकला का निघते म्हणे. हे मले माहीत नव्हतं. ही सिस्टीम बराबर नाही, प्रायव्हसी पायजे.

रँक १४१२.

पहिल्या पंधराशेत हाय म्हणजे. पहिल्या रेसले वाईट नाही.

मोनालीनं घरी सांगितलं नाही. पण मले आता नावानं बोलवत नाही. चौदाशे बारा, जेवाले ये. चौदाशे बारा, नळ बंद कर. आईनं विचारलं, हे काय गं? ती म्हणे, याच्या टी-शर्टचा नंबर. आई म्हणे, चांगला नंबर हाय.

बाबा: ४ वाक्यं. त्यातलं एक प्रश्न होता, भात घेतो काय. दुसरं बी प्रश्नच, अजून घेतो काय.

८ फेब्रुवारी, रविवार. दुपारी

गंगाधर काका आले होते. ते विहाराच्या कमिटीचे सेक्रेटरी. चौदा एप्रिलले जयंतीच्या प्रोग्रामात गुणवंतांचा सत्कार असते. दहावी-बारावीचे टॉपर, कोणाले नोकरी लागली, कोणी इंजिनिअर झालं. काका आईले म्हणाले, वहिनी, यंदा खेळाडूत आपला अश्विन. बॅनरवर फोटो येईन. हिरालालभाऊ, तुम्ही आता काही बोलू नका, ठरलं.

बाबा उठले. चहा स्वतः आणला, ट्रेमध्ये. ट्रे आमच्या घरी पाहुण्याइसाठी बी निघत नाही.

बाबा हे काम दर साली करतात: विहारात चारशे खुर्च्या लावणं. सकाळपासून लावतात. मग प्रोग्राम सुरू झाला का सगळ्यात मागच्या लायनीत बसतात, दुसऱ्याइच्या पोट्ट्याइले टाळ्या वाजवतात. मागच्या वर्षी मले घेऊन गेलते. पुढल्या साली दहावीत तुहं नाव येईन म्हणत होते.

काका जाताना म्हणे, काय बे अश्विन, खुश? मी हव म्हणालो.

मोनाली किचनमधून म्हणे, चौदाशे बारा, अभिनंदन.

बाबा: ७ वाक्यं. रेकॉर्ड.

९ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ५:१५

उपाय सापडला. तिसरा आलो असं सगळे म्हणून राह्यले नं? मग चौदा एप्रिलच्या आधी कुठंतरी तिसरा येऊन टाकायचं. सत्कार झाला तं त्या रेसचा झाला. खोटं काही उरतच नाही.

प्रॉब्लेम एवढाच का मोठ्या रेसमध्ये लोक लय असतात. म्हणून छोटी रेस शोधली. १ मार्च, अभनपूर, ५ किमी. तिथल्या एका क्रीडा समितीची. चाळीस-पन्नास लोक येतात म्हणे. सोपा हिशोब हाय: हजारो लोकात चौदाशे बारा, तर चाळीस लोकात किती? तिसरा कुठं लांब हाय.

प्लॅन: रोज ५ किमी. तळलेलं बंद. पाचचा अलार्म.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अलार्म वाजला नाही. वाजला असन, मी बंद केला असन, पण आठवत नाही म्हणजे वाजला नाही.

बाबा: ३. रनिंग: दूध.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आईनं भजे केले. खेळाडूले ताकद पायजे म्हणाली. आईले नाही कसं म्हणाव.

२१ फेब्रुवारी, शनिवार

गल्लीतला कुत्रा कुत्री निघाला, तिनं पिल्लं दिले. आता ती गल्लीच बंद.

मोनाली म्हणे, सांगून टाक नं. किती सोपं हाय, मेडल सगळ्याइले भेटते म्हण. तीन शब्द तं हायेत. मी म्हणालो, अभनपूर होऊ दे. ती म्हणे, तुले माहीत हाय का त्या दिवशी टोटल किती लोक होते? मी म्हणालो, माहीत करायची गरज नाही. ती म्हणे, चौदाशे बारा.

मी म्हणालो, तो तं माहा नंबर हाय.

ती म्हणे, हव नं.

...

म्हणजे मी नसतो तं रेस पुरीच झाली नसती. कोणीतरी शेवटचं लागतेच. पण बाटलीवाला बी माह्या पुढं.

बाबा: ५. हे मोनालीले कसं समजन. तिच्याशी तं बाबा नेहमीच बोलतात.

२८ फेब्रुवारी, शनिवार

उद्या रेस. एकूण ट्रेनिंग: दूध सोडून ६.५ किमी. पण आराम बी ट्रेनिंगच असते. पाय फ्रेश हायेत.

१ मार्च, रविवार. सकाळी ५:३०

बसनं जाणार होतो. बाबा स्कूटर पुसून उभे. हेल्मेट हातात. म्हणाले, चल, मी येतो.

बसचे सुट्टे पैसे वापस खिशात टाकले.

त्याच दिवशी. संध्याकाळी

रस्त्यानं बाबा बोलत होते. हेल्मेटमधून अर्धं ऐकू येत होतं. वर्कशॉपमध्ये सगळ्याइले सांगितलं म्हणाले. ते स्वतः लहानपणी गोंदियाले रेल्वे गाडीसोबत पळत होते म्हणाले. हे मले माहीतच नव्हतं. मी सतरा वाक्यापर्यंत मोजलं, मग अभनपूर आलं.

आता रेस. छोट्या रेसमधली भानगड मले कोणी सांगितली नव्हती. मोठ्या रेसले लोक फोटो काढाले येतात. छोट्या रेसले पळणारेच येतात. गावागावातले पोट्टे, पोलीस भरतीची तयारी करणारे. अर्धे बिना चपलेचे. एकाच्या बी अंगावर टी-शर्ट सैल नव्हती. माह्या बाजूले भैय्यालाल नावाचा पोट्टा होता, त्यानं विचारलं, कतका दिन ले दउड़त हस भैया? किती दिवसापासून पळतो म्हणे. मी म्हणालो, हव. तो हसला नाही. त्यानं माह्या बुटाची लेस सुटलेली दाखवली.

शिट्टी वाजली. लेस बांधून वर पाहिलं तं धूळच दिसली.

तलावाले वळसा घालून वापस यायचं होतं. जातानाच पहिले पोट्टे वापस येताना भेटले. भैय्यालाल तिसरा होता. ओरडला, थोरकिन अउ, थोरकिन अउ! थोडंसंच राह्यलं म्हणे. साडेतीन किमी राह्यलं होतं.

पोचलो तवा बक्षीस वाटून झालते. मंडपवाले कनात सोडत होते. तिथं चिप नव्हती. एक काका टेबलवर रजिस्टर घेऊन नाव लिहीत होते, येईन तसं. त्याइनं रजिस्टर पिशवीत घातलं होतं. मी टेबलासमोर उभा राह्यलो. त्याइनं विचारलं, का हे बाबू? काय हाय म्हणे. मी नाव सांगितलं. ते म्हणे, का? मी परत सांगितलं. ते म्हणाले, केळं संपले बेटा.

मी वळलो. ठीक हाय म्हटलं. ॲबसेंट तं ॲबसेंट.

मागून बाबांचा आवाज आला. वर्कशॉपमध्ये मशीनच्या वर बोलाव लागते तसा. रजिस्टर निकालिए. लिखिए, अश्विन हिरालाल रामटेके, रायपुर. काका म्हणे, साहब, अब तो हो गया, चालीस हो गए. बाबा म्हणाले, तो इकतालीसवाँ लिखिए. दौड़ा है लड़का. मैंने देखा है.

काकांनी रजिस्टर काढलं. लिहिलं. बाबांनी वाकून स्पेलिंग पाहिलं.

वापस येताना बाबा म्हणाले, ऊन होतं. मग म्हणाले, रस्ता बी कच्चाच होता. मग म्हणाले, सकाळी काही खाल्लं नव्हतं तू. मग म्हणाले, ते पोट्टे लय मोठे होते वयानं. अजून दोन म्हणाले. सगळे माह्या बाजूनं. मले आज बहाणा शोधाव लागला नाही, माह्यापाशी होते त्यापेक्षा चांगले होते.

मग आरशातून माह्याकडं पाहिलं. कमल विहार कॉलनीच्या चौकापर्यंत पाहतच होते.

बाबा: येताना ६. जाताना १७. रनिंग: ५ किमी.

२ मार्च, सोमवार

तिसरा येणं झालं नाही. पुढला प्लॅन: १४ एप्रिलले ताप.

११ मार्च, बुधवार

बाबांचे वाक्यं कमी झाले. रोज दोन, कधी एक. ओरडत नाहीत. आईले काही सांगितलं नाही, अभनपूरमध्ये ऊन होतं एवढंच सांगितलं. मेडलकडं पाहत नाहीत. कॅलेंडर पाहाले गेले तं मान थोडी वाकडी करतात.

मी सांगणार हाय. रविवारी. जेवताना.

१५ मार्च, रविवार

पाहुणे आलते.

२२ मार्च, रविवार

पाहुणे नव्हते. पण बाबा जेवताना बोलले का आंब्याचं लोणचं चांगलं झालं. चांगल्या मूडमध्ये होते. चांगला मूड खराब करणं बराबर नाही.

२९ मार्च, रविवार

बाबांचा मूड खराब होता. अशात सांगणं तं अजूनच बराबर नाही.

४ एप्रिल, शनिवार. दुपारी

बाबा स्कूटर धूत होते. मी पाइप पकडून होतो. बाबा चाकाकडं पाहून म्हणाले, चौदा तारखेले जायचं हाय नं तुले?

मी म्हणालो, हव.

बाबा पुसत राह्यले. मग म्हणाले, पाहा बाबू मंग.

एवढंच. बाबा मले बाबू म्हणाले नव्हते किती वर्ष. मी पाइप चुकीकडं पकडला, त्याइची पॅन्ट ओली झाली. त्याइनं नुसती झटकली. तवा सांगता आलं असतं. पाइपचा आवाज होता पण.

१२ एप्रिल, रविवार

बॅनर लागलं. विहाराच्या फाटकावर. वर मोठ्या अक्षरात शिका लिहिलं हाय, खाली गुणवंतांचे फोटो. देवश्री मेश्राम, बारावी, ९४ टक्के. पराग वासनिक, असिस्टंट लोको पायलट. मग मी, एक्सएक्सएलमध्ये. खाली: अश्विन रामटेके, मॅरेथॉन विजेता.

आई तीनदा जाऊन पाहून आली. चौथ्यांदा रीना काकूले घेऊन गेली.

ताप येत नाही. कांदा बगलेत ठेवून पाहिला. काहीच होत नाही.

१३ एप्रिल, सोमवार

भाषण तयार केलं. सत्काराच्या वेळी दोन शब्द बोलाव लागतात. चार ओळी पाठ: आदरणीय मंच. मी कमिटीचा आभारी हाय. हे श्रेय माह्या आईबाबांचं. जय भीम. एकही ओळ खोटी नाही. रेसचा त्यात काही विषयच नाही. सेफ.

मोनालीसमोर म्हणून दाखवलं. ती म्हणे, ऐकू नाही आलं.

१५ एप्रिल, बुधवार. सकाळी

काल लिहिलं नाही. आता लिहितो.

बाबा सकाळी सातपासून खुर्च्या लावत होते. मी बी गेलो लावाले. चारशे खुर्च्या. बाबा लायनीच्या त्या टोकाले, मी या टोकाले. मोनाली सोबत नव्हती तरी काम झालं, कारण खुर्च्या लावाले बोलाव लागत नाही.

संध्याकाळी सहाले प्रोग्राम. आई समोरच्या लायनीत, पांढरी साडी. बाबांना गंगाधर काकांनी समोर बोलवलं, गुणवंतांचे पालक समोर बसतात. बाबा म्हणाले, मागं बरा हाय, खुर्च्या पाहाव लागतात. मागच्या लायनीतच बसले. माहा सत्कार असून.

देवश्री झाली. पराग झाला. मग माहं नाव. मी गेलो. कसा गेलो आठवत नाही. शाल, गुच्छ. गंगाधर काकांनी माइकवर सांगितलं, मॅरेथॉनमध्ये तीन हजारात तिसरा. मग माइक माह्या हातात. दोन शब्द, बेटा.

आदरणीय मंच हे दोन शब्द होते. ते गेले. कुठं गेले माहीत नाही. चारशे लोक मले पाहून राह्यले होते. शाळेतल्यासारखं. मी सगळ्यात मागं पाहिलं. बाबा हात मांडीवर ठेवून बसले होते. टाळ्या वाजवाले तयार नव्हते, काहीच करत नव्हते. पाहत होते नुसते.

मी म्हणालो, ते मेडल सगळ्याइले भेटते.

माइक चांगला होता. मागच्या भिंतीपर्यंत जाऊन आवाज वापस आला. तो माहा आवाज हाय हे समजाले टाइम लागला. मग म्हणालो, मी तिसरा नव्हतो. शेवटचा होतो. चौदाशे बारातून चौदाशे बारावा.

हे ठरवून बोललो असं लिहिता आलं असतं. पण ठरवलं नव्हतं. दुसरं काही पाठच राह्यलं नव्हतं.

मग समोरून कोणीतरी हसलं. मग सगळे हसले. गंगाधर काकांनी माइक घेतला, माह्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, पाहा मित्रहो, किती नम्र पोट्टा हाय. जिंकून बी शेवटचा म्हणते स्वतःले. याले म्हणतात संस्कार. टाळ्या! दिवसभरातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या मलेच पडल्या. देवश्रीले बी एवढ्या नाही.

आई हसली नाही, ती मोनालीकडं पाहत होती. मोनालीनं मान हलवली, हव अशी. आईनं खाली पाहिलं.

बाबा उठले. बाजूची रिकामी खुर्ची लायनीत सरळ केली. अन् बाहेर गेले.

भेट म्हणून सहा वह्या अन् पेन दिले. ते बी सगळ्याइलेच होते.

त्याच दिवशी. संध्याकाळी

आई म्हणे, तवाच सांगाले काय झालतं तुले? मी म्हणालो, मी पाणी पीत होतो. आई म्हणे, तीन महिने पाणी पेत होता काय?

मग तिनं मेडल काढलं अन् पितळेच्या डब्यात ठेवलं. फेकलं नाही. खिळा तसाच हाय.

बाबा ड्युटीवरून आले. हात धुतले. बसले. म्हणाले, मोनाली, त्याले सांग जेवाले ये म्हणा.

मोनाली मोबाइल पाहून राह्यली होती. तिची सवय सुटली हाय. बाबांना दोनदा म्हणाव लागलं.

बाबा: ०.

१६ एप्रिल, गुरुवार

मोनाली नव्या वह्याइवर माहं नाव टाकून देऊन राह्यली. तिले अक्षर काढाची हौस हाय. म्हणे, वर्गात काय लिहू? मी म्हणालो, राहू दे. आता सहा वह्या हायेत, अश्विन हिरालाल रामटेके, वर्ग, अन् पुढं जागा.

गंगाधर काका रस्त्यात भेटले. म्हणे, काय चौदाशे बारा! त्याइले अजून जोकच वाटते.

बाबा: ०. रनिंग: ०.

१७ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ७:१०

मोनाली प्रॅक्टिकलले लवकर गेली. आई अंघोळीले. घरात बाबा अन् मी. सांगाले कोणी नाही.

बाबांनी थोडा वेळ इकडं तिकडं पाहिलं. मग दुधाची थैली खुंटीवरून काढली अन् दारात ठेवली. पेपर उघडला.

मी घेतली. रस्त्यावर आलो अन् पळालो. प्लॅन नव्हता. रेल्वे कॉलनीतले सगळे उठलेले होते. नळावर बायका होत्या, परागचे बाबा स्कूटर पुसत होते. सगळ्याइनं पाहिलं. कोणी म्हणे, पळू दे, विजेता हाय. पळालो. डेअरीवाल्या भैयाले पहिल्या खेपेत ऐकू गेलं, दो पैकेट. वापस बी पळालो. थैली पायाले लागत होती.

टाइम: ९ मिनिटं. आधीचा १४. पर्सनल बेस्ट. कुठं लिहिल्या गेलं नाही, म्हणून इथं लिहितो.

दारात आलो तं दम लागला होता. थैलीतून थेंब थेंब पडत होतं, पायरीपासून आतपर्यंत. बाबांनी पेपर खाली केला. दूध पाहिलं. माह्या पायाकडं पाहिलं.

म्हणाले, एक फुटली हाय.

आई अंघोळीलेच होती. मी मागं वळून पाहिलं, दारात बी कोणी नव्हतं.

रनिंग: १.२ किमी. बाबा: १ वाक्य. मलेच असन. धरून घेतो.